फिलाडेल्फियाचा बंब आणि आमचे भाविक

बेंजामिन फ्रँकलिन हा पुरुष मराठी वाचकांस परका नाहीं. त्याचा पतंग, त्याची वीज, त्याची काटकसर, त्याचे दिनचर्येचे तक्ते हें सर्व आमच्या शाळांतून व बोधपर चरित्रांतून पिढ्यान् पिढ्या शिकविलें गेलें आहे. आणि त्याच पंक्तीस त्याची ती प्रसिद्ध आग विझविणारी मंडळीहि येऊन बसली आहे. कथा सांगतात ती अशी: फिलाडेल्फिया शहरास आगीचा उपद्रव फार, सरकार हातांवर हात ठेवून बसलेलें, तेव्हां ह्या एका पुण्यपुरुषानें तीस शेजारी जमविले, प्रत्येकाच्या हातीं चामड्याची बादली दिली, आणि तेव्हांपासून शहर निर्धास्त झोंपूं लागलें. कथा गोड आहे, व तिच्या गोडीविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती कथेच्या शेपटास जें तात्पर्य बांधण्यांत येतें त्याविषयीं. तें तात्पर्य असें कीं, लोकांनीं मनावर घेतलें म्हणजे नगरपालिकेचें कांहीं काम उरत नाहीं. पगारी माणसें ठेवणें, त्यांसाठीं कर बसविणें, हा सारा आळशी समाजाचा खटाटोप होय. सज्जनांचीं मनें जागीं करा कीं पाणी, रस्ते, दवाखाने, बंब सर्व आपोआप उभें राहील. हें तात्पर्य सांगणारांस कर देणें जड जातें असा आरोप आम्ही करीत नाहीं. ते भाविक आहेत, एवढेंच म्हणतों. परंतु भाविकांनीं निदान आपल्या पोथीचे पुढचे अध्याय वाचावयास हवे होते.

प्रथम पहिल्याच अध्यायाकडे वळूं. सरकार स्वस्थ बसलें होतें हेंच मुळीं खरें नाहीं. विल्यम पेननें हें शहर १६८२ सालीं वसविलें, आणि १६९६ सालींच त्या प्रांताच्या विधिमंडळानें आगीसंबंधीं कायदा केला. धुराडें साफ करण्यासाठीं त्याला मुद्दाम आग लावून देण्याची खोड त्या काळीं लोकांस होती; तीस त्या कायद्यानें दंड सांगितला, घरोघर चामड्याच्या बादल्या ठेवण्याची आज्ञा केली, आणि भर रस्त्यांत तंबाखू ओढणारासहि दंडांतून सोडलें नाहीं. १७१८ सालीं शहरानें सार्वजनिक पैशांतून पहिला हातबंब विकत घेतला. १७३० च्या एप्रिलांत फिशबर्नच्या धक्क्याजवळ मोठी आग लागून धक्क्यावरचीं कोठारें व आसपासचीं घरें जळालीं, तेव्हां नगरसभेनेंच आणखी बंब, शेंकडों बादल्या, शिड्या व आंकडे मागविले. म्हणजे फ्रँकलिनची मंडळी जन्मास येण्यापूर्वीं बंबहि होता, बादल्याहि होत्या, आणि दोहोंचेंहि मोल करांतूनच दिलेलें होतें. बोस्टनची गोष्ट तर ह्याहून जुनी. त्या गांवानें १६७८ च्या सुमारास इंग्लंडहून बंब आणवून तो चालविण्यास माणसें नेमलीं, व त्यांच्या कामाचा मोबदलाहि ठरविला. तेव्हां अमेरिकेंत आधीं निःस्वार्थी स्वयंसेवक झाले व मागाहून समाज नासल्यामुळें पगारी नोकर आले, हा जो क्रम भाविक सांगतात तो उलटा आहे.

मग फ्रँकलिननें केलें तरी काय? त्यानें केलें तें थोडें नव्हे. मात्र तें भाविक सांगतात तें नव्हे. १७३५ च्या फेब्रुवारींत त्यानें आपल्याच पत्रांत एका वृद्ध नागरिकाचें सोंग घेऊन एक पत्र छापिलें. सोंग घेणाराचें वय त्या वेळीं अवघें एकोणतीस वर्षांचें होतें. त्या पत्रांत तो म्हणतो कीं, एका खोलींतून दुसऱ्या खोलींत उघड्या फावड्यावर निखारे नेऊं नका. धुराडीं झाडणारांस परवाने द्या व त्यांचें काम चुकल्यास त्यांस जबाबदार धरा. आणि शेजारच्या प्रांतांतील एका शहरीं जशी आगीच्या प्रसंगीं धांवून जाणारी मंडळी आहे तशी येथेंहि करा. हें शेजारचें शहर म्हणजे बोस्टन, फ्रँकलिनचें जन्मगांव. म्हणजे कल्पनाहि त्याची एकट्याची नव्हती. पुढें १७३६ च्या डिसेंबरच्या ७ तारखेस 'युनियन फायर कंपनी' ह्या नांवानें ती मंडळी स्थापन झाली.

तिचे मूळ नियम ज्यास वाचावयाचे असतील त्यानें ते पुरते वाचावे. प्रत्येक सभासदानें स्वतःच्या खर्चानें चामड्याच्या बादल्या व जाड कापडाच्या पिशव्या करवून घ्यावयाच्या. पिशवीच्या तोंडाशीं ओढून बांधावयाची दोरी; बादलीवर व पिशवीवर मालकाच्या नांवाचीं आद्याक्षरें. बादली जागेवर नसेल तर पांच शिलिंग दंड. आग लागल्याची हांक कानीं येतांच सर्वांनीं निघावयाचें. आणि जाऊन काय करावयाचें? येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. जाऊन सभासदाच्या घरांतील चीजवस्त पिशव्यांत भरावयाची. दोघांनीं दारावर उभें राहून परक्या माणसास आंत शिरूं द्यावयाचें नाहीं, कीं गर्दीचा फायदा घेऊन कोणी कांहीं लांबवूं नये. आणि भरलेल्या पिशव्या सुरक्षित ठिकाणीं पोंचवावयाच्या. बादल्या व पिशव्या आपल्या व आपल्या सोबत्यांच्या घरादाराखेरीज इतर कामीं लावावयाच्या नाहींत, असेंहि त्या नियमांत होतें. सभासद वारला तर त्याच्या विधवेस ती विधवा राहील तोंवर तेंच साहाय्य मिळे. अट एवढीच कीं, तिनें बादल्या व पिशव्या बाळगाव्या.

ह्या नियमांत वाईट काय आहे? कांहींच नाहीं. उलट एका व्यवहारी मनुष्यानें केलेले ते मोठे चोख नियम आहेत. पण ज्यास आमचे भाविक परोपकाराची गंगोत्री म्हणतात ती ही नव्हे. हा तीस मालमत्तावाल्यांचा परस्परांशीं केलेला करार आहे. ज्याच्या घरीं पिशवींत भरावें असें कांहीं आहे आणि पिशवी शिवून घेण्यास पैसा आहे, त्याच्यासाठीं तो केलेला आहे. फ्रँकलिननें स्वतः ही गोष्ट कधीं लपविली नाहीं. त्याच्या आत्मचरित्रांत त्या मंडळीचें वर्णन आहे तें एका उपयुक्त सोयीचें आहे, संतमेळ्याचें नाहीं. महिन्याकांठीं एक संध्याकाळ एकत्र बसावें, आगीसंबंधीं ज्याला जें सुचलें तें बोलावें, गैरहजरांचा दंड जमवून त्यांतून बंब, शिड्या व आंकडे घ्यावे, असा तो सरळ हिशेब होता. पुढें शहरांत कोठेंहि आग लागली तरी जावें असें होत गेलें, आणि त्याचें श्रेय त्या लोकांस अवश्य द्यावें. आग सभासदाच्या भिंतीशीं येऊन थबकत नाहीं, हें लांकडी व विटांच्या घरांच्या दाट वस्तींत कोणासहि कळण्यासारखें होतें.

फ्रँकलिनचें खरें चातुर्य आमच्या मतें दुसरीकडेच आहे. बंब होते, बादल्या होत्या. नव्हती ती शिस्त. आग लागली म्हणजे शंभर माणसें जमत आणि शंभरहि ओरडत. कोणी कोठें उभें राहावें, दिवे कोणी लावावे, दारावर कोण, हें आधीं ठरवून कागदावर मांडणें व चुकणारास दंड करणें ही त्याची कामगिरी. सद्भावनेवर त्याचा विश्वास इतका थोडा होता कीं, तिच्या जोडीला त्यानें पांच शिलिंगांचा दंड ठेविला! भाविकांनीं नेमका हा दंड तेवढा कथेंतून गाळला आहे.

तीसांचा आंकडा भरल्यावर इतरांस निराळी मंडळी काढण्याचा सल्ला मिळाला, आणि मंडळ्या वाढत गेल्या: १७३८ सालीं 'फेलोशिप', १७४२ सालीं 'हँड-इन-हँड', १७४३ सालीं 'हार्ट-इन-हँड', १७४७ सालीं 'फ्रेंडशिप', १७५२ सालीं 'हायबर्निया'. त्याच १७५२ सालीं ह्याच लोकांच्या पुढाकारानें घरांचा आगीपासून विमा उतरविणारी 'कॉन्ट्रिब्यूशनशिप' निघाली, व तिच्या विमेदारांच्या भिंतीवर एकमेकांचीं मनगटें धरलेल्या चार हातांची शिशाची मुद्रा झळकूं लागली. (ज्या घरावर अशी मुद्रा नसे तें बंबवाले खुशाल जळूं देत, अशी एक गोष्ट सांगतात. फिलाडेल्फियापुरती तरी ती निराधार आहे. तेथील बंबाच्या मंडळ्या विमेवाल्यांच्या नोकर नव्हत्या. आम्हांस ज्यांच्याशीं वाद घालावयाचा आहे त्यांच्याविरुद्ध खोटा पुरावा आम्हांस नको. त्याच विमेवाल्यांनीं १७८१ सालीं ज्या घरासमोर झाड असेल त्याचा विमा नाकारला, कारण फांद्यांमुळें बंबवाल्यांची अडचण होई. तेव्हां झाडें प्रिय असणाऱ्यांनीं १७८४ सालीं निराळी विमासंस्था काढून तिची मुद्राच हिरवें झाड अशी ठेविली. हा मात्र त्या शहराचा गोड हट्ट.)

आतां पुढचे अध्याय. १८०१ सालीं शहरानें सार्वजनिक खर्चानें वाफेच्या यंत्रांनीं पाणी उपसून नळांनीं रस्तोरस्तीं खेळविलें. बादल्यांची हातोहात चालणारी रांग निरुपयोगी होऊं लागली. १८०३ सालीं नळाच्या तोंडास चामड्याची लांब नळी लावून पाणी नेणारी पहिली 'होज कंपनी' निघाली. लवकरच ह्या नळ्या शिवण्याऐवजीं तांब्याच्या खिळ्यांनीं सांधूं लागले व त्या पुष्कळ दाब सोसूं लागल्या. कारागिरीचा हा भाग खरोखर वाखाणण्यासारखा आहे. परंतु त्यानें एक नवा पेंच उत्पन्न केला. ज्याची नळी त्याचें पाणी, आणि ज्याचा बंब त्याचा दाब. दोघेहि एकमेकांवांचून लंगडे. शिवाय रस्त्यांवरील नळ थोडे आणि मंडळ्या डझनांवारी. जो प्रथम पोंचेल त्याचा नळ व त्याचा मान. आग विझविणें हें काम राहिलें, पण नळ काबीज करणें हा खेळ झाला. बंब रस्ता सोडून पायवाटांवरून धांवूं लागले. प्रतिपक्षाची नळी कापणें, त्याचा बंब उलथून टाकणें, त्याला भलत्या वाटेस लावण्यासाठीं आगीची खोटी हूल उठविणें, हीं त्या शर्यतीचीं पुढचीं पाउलें होतीं.

येथें कोणी विद्वान आम्हांस थांबवून सांगतील कीं, हा दोष स्वयंसेवेचा नव्हे, माणसांचा; फ्रँकलिनच्या काळीं मंडळींत सभ्य व्यापारी होते, पुढें खाटीक, मजूर व दारूच्या गुत्त्यांतले पोर शिरले आणि म्हणून सत्यानाश झाला. हा युक्तिवाद ऐकण्यास भारदस्त आहे. म्हणूनच त्याचा समाचार नीट घेतला पाहिजे. १८१८ सालीं, म्हणजे पुढें ज्या टोळ्यांचें नांव काढतांच शहर थरथरे त्यांचा उदय होण्यापूर्वीं, फिलाडेल्फियांतील कांहीं कृष्णवर्णीय तरुणांनीं आपली आग विझविण्याची मंडळी काढण्याचें ठरविलें. स्वतःची बादली, स्वतःचा घाम. फ्रँकलिनचा कित्ता ह्याहून अधिक प्रामाणिकपणें कोणी गिरविला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. मग गोऱ्या मंडळ्यांनीं काय केलें? त्यांनीं सभा भरविली, आणि ही मंडळी होऊं नये असा ठराव केला. तेव्हां जेम्स फोर्टन ह्याच्यासारख्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनाच तंटा टळावा म्हणून आपल्या तरुणांची समजूत घालावी लागली, व ती मंडळी मोडली. हा ठराव गुत्त्यांतल्या पोरांनीं दंगा करून केलेला नव्हे. तो रीतसर सभेंत, रीतसर प्रतिनिधींनीं केलेला आहे. सार्वजनिक काम जेव्हां खासगी मंडळींच्या मर्जीवर सोंपविलें जातें, तेव्हां कोणाला वांचवावें एवढेंच नव्हे, तर वांचविण्याचा अधिकार कोणाला असावा हेंहि तीच मर्जी ठरविते. आणि त्या मर्जीवर अपील नसतें.

१८३८ सालचा प्रसंग घ्या. गुलामगिरीच्या विरोधकांस शहरांत सभेला जागा मिळेना, म्हणून त्यांनीं वर्गणी करून 'पेनसिल्व्हानिया हॉल' नांवाचें भव्य सभागृह बांधिलें. मेच्या १४ तारखेस तें उघडलें. १७ तारखेच्या रात्रीं जमावानें दारें फोडून तें पेटवून दिलें. त्यापूर्वीं नगराध्यक्षानें किल्ल्या ताब्यांत घेतल्या, जमावास घरीं जाण्यास सांगितलें, आणि तो स्वतः घरीं गेला. बंबवाले आले. त्यांनीं शेजारच्या इमारतींवर पाणी मारलें. सभागृहावर मारलें नाहीं. चार दिवसांचें तें सभागृह हजारोंच्या समक्ष जळून गेलें. ह्याहून स्पष्ट पुरावा काय हवा? नळी होती, पाणी होतें, बंब होता, धांवून येणारे हातहि होते. नव्हतें तें एवढेंच कीं, 'तुझें घर आम्हांस आवडो न आवडो, त्यावर पाणी मारणें आमच्यावर बंधनकारक आहे' असें म्हणणारा कोणी. स्वयंसेवकाच्या दयेवर बंधन घालतां येत नाहीं. घातलें तर ती दया राहत नाहीं, नोकरी होते. आम्हांस ती नोकरीच हवी आहे.

ह्यापुढची हकीकत आवरती घेतों, कारण ती वाचतांना वीट येतो. १८४४ च्या मे महिन्यांत देशी प्रॉटेस्टंट व आयरिश कॅथॉलिक यांच्यांत दंगे पेटून सेंट ऑगस्टिनचें देऊळ भस्म झालें. त्या दंग्यांत मेलेल्या शिफलर नांवाच्या तरुणाचें नांव घेऊन एका पक्षानें बंबाची मंडळी चालविली. दुसऱ्या पक्षाची 'मोयामेन्सिंग होज' होतीच, आणि तिच्या आश्रयास 'किलर्स' म्हणजे खुनी असें नांव अभिमानानें मिरविणारी टोळी होती. १८४९ च्या ऑक्टोबरांत, निवडणुकीच्या रात्रीं, गोऱ्या स्त्रीशीं लग्न केलेल्या एका मिश्रवर्णीय गृहस्थाच्या 'कॅलिफोर्निया हाउस' ह्या खाणावळीवर ह्याच टोळीनें हल्ला करून ती पेटविली, व पाणी घेऊन आलेल्या इतर बंबवाल्यांवरच जमाव तुटून पडला. ज्या मंडळीच्या दारावर बंब उभा, तिच्याच सावलींतले लोक आग लावणारे! ह्या मंडळ्यांचे नायक निवडणुकींत मतें गोळा करीत. त्यामुळें नगरसभेंत त्यांस हात लावण्याची छाती फारच थोड्यांस होती. सिनसिनाटी शहरानें १८५३ च्या एप्रिलांत वाफेचा बंब व पगारी दल दोन्ही सुरू केलीं. न्यूयॉर्कनें १८६५ सालीं तसें केलें. फिलाडेल्फियास, जेथें ही सर्व पुण्याई अधिक साचली होती तेथें, १८७१ च्या मार्चची १५ तारीख उजाडावी लागली.

येथें एक उत्तर ठरलेलें असतें: पगारी मनुष्य पगारापुरतें काम करितो, जीव पणाला लावीत नाहीं. हें उत्तर देणारांनीं मुंबईंत राहून तें देऊं नये. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, त्या वेळीं मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान कामावर असतां गेले. ते पगारी होते. जहाजावरच्या कापसाला आग लागली आहे, आणि खालीं दारूगोळा आहे, अशा ठिकाणीं उभे राहून ते पाणी मारीत होते. मालक कोण, माल कोणाचा, त्याच्या भिंतीवर कसली मुद्रा आहे, हें विचारण्याचें त्यांस कारण नव्हतें.

दुसरा आक्षेप अधिक सच्चा आहे, म्हणून त्याचें उत्तर देणें आमचें कर्तव्य. अमेरिकेंत आजहि आग विझविणारांपैकीं निम्म्याहून अधिक लोक स्वयंसेवक आहेत. लहान गांवांचा सर्व भार त्यांच्यावरच असतो. खरें आहे, आणि त्या लोकांचा आम्हांस आदर वाटतो. परंतु त्यांचें बळ कोठून येतें तें पाहावें. त्यांचे बंब पुष्कळ ठिकाणीं सार्वजनिक पैशांतून येतात, त्यांस शिकवून तयार केलें जातें, आणि त्यांच्यावर कायद्याची देखरेख असते. म्हणजे फ्रँकलिनचा पांच शिलिंगांचा दंड त्यांच्या पाठीशीं आहे. आमच्या भाविकांच्या स्वयंसेवेंत तो नाहीं. भाविकांस हवी आहे ती हौस: जोंवर मन आहे तोंवर काम, आणि ज्याच्यासाठीं मन आहे त्याच्यासाठींच काम. अशा हौसेवर वाचनालय चालेल, नाटकमंडळी चालेल. बंब चालणार नाहीं.

पगारी दल आल्याबरोबर फिलाडेल्फियांत रामराज्य झालें असेंहि कोणी समजूं नये. १८१८ सालीं ज्यांस बादली हातीं घेऊं दिली नाहीं त्यांच्यापैकीं पहिला मनुष्य, आयझॅक जेकब्स, त्या शहराच्या दलांत १८८६ सालीं घेतला गेला. म्हणजे अडुसष्ट वर्षांनीं, आणि पगारी दल सुरू होऊनहि पंधरा वर्षांनीं. पुढें पुष्कळ काळ कृष्णवर्णीयांस ११ क्रमांकाच्या एकाच तुकडींत वेगळें काढून ठेवीत, आणि ती भिंत विसाव्या शतकाच्या मध्यास पडली. परंतु ती तुकडी शहराची होती. तिच्याविषयीं जाब विचारावयाचा तर नगरसभेचें दार होतें, वर्तमानपत्र होतें, मत होतें. १८१८ सालच्या त्या तरुणांस ज्या मंडळ्यांनीं परत पाठविलें, त्यांच्यापुढें त्यांनीं अर्ज करावयाचा तो कोणाकडे?